कुठून कळलं, तेही लिही

प्रिय पोरी,

तुझ्या पुस्तकाची पानं वाचून झाली. बाजार समितीच्या निवडणुकीचं प्रकरण झकास उतरलंय. मतदारांना सहलीला नेऊन त्यांचे मोबाईल काढून घेतले, तो भाग वाचताना मी एकटाच हसत होतो. पण साहेबांच्या गाडीतल्या गप्पांशी अडखळलो. अवतरणचिन्हांत साहेब पान-पानभर बोलतात. त्या गाडीत तू होतीस का? की चालकाने सांगितलं? की पुढच्या सीटवर बसलेल्या कार्यकर्त्याने, ज्याला नंतर तिकीट मिळालं नाही? या तीन गोष्टी सारख्या नाहीत, आणि तुझ्या पानावर तिन्ही सारख्याच दिसतात.

कुलदीप नय्यर वाच, असं मी मागे म्हणालो होतो. त्यांच्यासारखं लिही म्हणून नव्हे. राजकीय बातमीदाराने स्वतःचा इतिहास लिहायला घेतला की काय साधतं आणि काय निसटतं, ते दोन्ही त्यांच्याकडे दिसतं, म्हणून. सियालकोटात जन्म, लाहोरला कायद्याचं शिक्षण, 1947च्या सप्टेंबरात सगळं मागे टाकून दिल्ली. तिथे ‘अंजाम’ या उर्दू दैनिकात नोकरी, आणि काही महिन्यांत, गांधीजींना गोळ्या घातल्या त्या संध्याकाळी, हा नवखा मुलगा बिर्ला हाऊसवर. पुढे सरकारी माहिती खात्यात गेले, गृहमंत्री गोविंद वल्लभ पंतांचे आणि नंतर शास्त्रीजींचे माध्यम अधिकारी झाले, मग यूएनआय ही वृत्तसंस्था, ‘स्टेट्समन’, ‘इंडियन एक्स्प्रेस’. आणीबाणीत तिहार. 1990मध्ये लंडनला उच्चायुक्त, नंतर राज्यसभा. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसलेला माणूस.

ताश्कंदचं त्यांचं वर्णन नीट बघ. 11 जानेवारी 1966ची पहाट व्हायची होती. दारावर थाप पडते, तुमचे पंतप्रधान मरणपंथाला आहेत, असं एक बाई सांगते. ते शास्त्रीजींच्या खोलीत पोहोचतात. पलंगावर देह, गालिच्यावर नीट ठेवलेल्या सपाता, ड्रेसिंग टेबलावर आडवा पडलेला थर्मास. एवढंच दिसलं, एवढंच लिहिलं. शास्त्रीजींना काय झालं याचा वाद अजून मिटलेला नाही, पण वाद घालणारे सगळे त्या थर्मासपाशी येतातच. मत बाजूला ठेवून वस्तू टिपल्या की असं होतं.

आता 1964. नेहरू गेल्यावर नय्यरांनी यूएनआयवर बातमी सोडली: मोरारजी देसाई शर्यतीत उतरले आहेत, शास्त्रीही उमेदवार मानले जातात, पण ते स्वतः काही बोललेले नाहीत. नेहरूंच्या चितेची राख निवायच्या आत मोरारजी पदासाठी उतावीळ झाले, असा तिचा अर्थ निघाला. या बातमीने आपली मतं गेली, असं मोरारजींच्या गोटाने धरलं. संसदेच्या पायऱ्यांवर काँग्रेसचे तेव्हाचे अध्यक्ष कामराज नय्यरांच्या कानात ‘थँक यू’ म्हणाले. आणि नय्यर तर थोड्याच दिवसांपूर्वीपर्यंत शास्त्रीजींचेच अधिकारी! मोरारजींचं नुकसान करायचा हेतू नव्हता, असं ते म्हणतात. तू हवं तर विश्वास ठेव, हवं तर ठेवू नको. मला महत्त्वाचं वाटतं ते हे की कामराजांचं ‘थँक यू’ त्यांनी स्वतःच छापलंय. त्यांना अडचणीत आणणारा पुरावा त्यांच्याच पुस्तकात सापडतो. आपल्याकडे निवृत्त पत्रकाराचं आत्मचरित्र बहुधा लग्नाच्या आल्बमसारखं असतं. प्रत्येक पुढाऱ्याबरोबर एक फोटो, सगळे हसतमुख. तुझे वडील ज्या सहकारी संस्थेत नोकरीला आहेत, तिचे अध्यक्ष तुझ्या चौथ्या प्रकरणाचे नायक आहेत. हे वाचकाला कुठेच कळत नाही. पहिल्याच परिच्छेदात सांगून टाक. लोक मग बाकीचं जास्त नीट वाचतील.

निसटलेलंही सांगतो. 2012च्या ‘बियॉन्ड द लाइन्स’ या आत्मचरित्रात नय्यर लिहितात की 6 डिसेंबर 1992ला बाबरी मशीद पाडायला सुरुवात झाली तेव्हा पंतप्रधान नरसिंह राव पूजेला बसले, आणि सगळं पडल्यावरच उठले. ही नय्यरांनी डोळ्यांनी पाहिलेली गोष्ट नव्हे. समाजवादी नेते मधु लिमयांनी त्यांना सांगितलेली. हे तेच लिमये, जे 1940-41मध्ये आपल्या धुळ्याच्या तुरुंगात होते. लिमये 1995मध्ये गेले, राव 2004मध्ये. पुस्तक आलं तेव्हा विचारायला दोघांपैकी कुणीच नव्हतं. रावांच्या मुलाने ते साफ नाकारलं. माझ्या मते एवढं वजनदार विधान एवढ्या बारीक धाग्यावर टांगायला नको होतं. पण लिमयांचं नाव छापलंय, म्हणून तर आपण ते तोलून बघू शकतो. तुझ्या गाडीतल्या गप्पा तोलायला माझ्याकडे काहीच नाही.

नय्यरांनीच आणीबाणीवरचं पुस्तक 1977मध्ये, म्हणजे आणीबाणी उठली त्याच वर्षी काढलं होतं. ताज्या वहीवरून लिहिणं वेगळं आणि पस्तीस वर्षांनी आठवणीवरून लिहिणं वेगळं. आठवण आपल्याला नेहमी थोडं उंच दाखवते. धुळ्याच्याच तुरुंगात 1932मध्ये विनोबा दर रविवारी गीतेवर बोलत होते आणि साने गुरुजी ते उतरवून घेत होते. ‘गीता प्रवचने’ आज हातात आहे ती त्या लिहून घेण्यामुळे. रोज रात्री झोपण्याआधी तारीख टाकून लिही: कोण बोललं, तू कुठे उभी होतीस, शेजारी कोण होतं. छापायला नसलेलंही. व्हॉट्सॲपवर विसंबू नको. फोन बदलला की इतिहास जातो.

एक आवडलं तेही सांगतो. राजकारणाच्या मधे तू घरचं आणलंयस: आजीचं कापूस वेचणं, पंपहाऊसवरची भांडणं, अहिराणीतले टोमणे. ते काढू नको. नय्यरांचीही मला सर्वांत टिकाऊ वाटणारी पानं दिल्लीची नाहीत, सियालकोट सुटण्याची आहेत.

फक्त आजोबांनी 1936ला काँग्रेसच्या फैजपूर अधिवेशनात नेहरूंचं भाषण ऐकलं, हे तपास. तूच दिलेल्या जन्मसालाप्रमाणे ते तेव्हा सहा वर्षांचे होते. ते खोटं बोलतायत असं नाही. घरात इतक्यांदा ऐकलेली गोष्ट माणसाला स्वतः पाहिल्यासारखी वाटू लागते. भाषणाबद्दल विचारूच नको. कोणाच्या खांद्यावर बसून गेलात, झोपलात कुठे, खायला काय मिळालं, बांबूच्या कमानी आठवतात का, एवढंच विचार. जे सांगतील ते त्यांच्याच शब्दांत उतरव, खाली तारीख घाल, आणि ते पान साहेबांच्या प्रकरणाआधी मला पाठव.

तुझा,
आप्पा