पुपुसा (मध्य अमेरिकेतल्या एल साल्वाडोर देशातली, आत सारण भरलेली जाड भाकरी) घरच्या मक्याच्या पिठाचा होतो का? थापताना सारखा फाटतोय

नाही होत, साध्या मक्याच्या पिठाचा पुपुसा थापतानाच कडेला फाटतो आणि चीज तव्यावर येतं. एल साल्वाडोरमध्ये मका आधी चुन्याच्या पाण्यात शिजवून, भिजत ठेवून, धुऊन मग दळतात, चुन्याने दाण्याचं साल सुटतं आणि पिठाला चिकटपणा येतो म्हणून गोळा सारण धरून ठेवतो, आपल्या पिठावर हे झालेलंच नसतं (कॉर्नफ्लोअर तर विसराच, तो नुसता स्टार्च). त्यामुळे पाकिटावर मासा हरिना (म्हणजे असं चुन्यात शिजवलेल्या मक्याचं पीठ) लिहिलेलं पीठच घ्या, ऑनलाइन मिळतं. कोमट पाण्यात मऊ मळा, हाताला तेल-पाणी लावून गोळ्याची वाटी करा, आत चीज आणि घोटलेला राजमा, तोंड बंद करून दोन्ही तळव्यांत थापायचं, लाटणं नको. सोबत कोबी-गाजराचं व्हिनेगरमधलं कुर्तिदो हवंच, नाहीतर दुसऱ्या पुपुशालाच जड होतं. फक्त एक, तिकडच्या ओलोकुइल्ता गावचे पुपुसे तांदळाच्या पिठाचेच प्रसिद्ध आहेत, म्हणजे मासा हरिना नाहीच मिळालं तर मोदकाच्या पिठीची उकड काढून बघा, तिथे चुन्याची भानगड नाही, मक्याची चव मात्र येणार नाही.