आधी गोळ्यांची यादी, मग दात: वाचकांचे प्रश्न

यावेळी आलेल्या प्रश्नांमध्ये एक मजा दिसली. कुठला दात दुखतो, कधी ठणकतो, गार लागतं की गरम, हे सगळ्यांनी अगदी तपशिलात लिहिलंय, पण वय किती, गोळ्या कुठल्या चालू आहेत, शुगर आहे का, सिगारेट ओढता का, यातलं फारच थोड्यांनी लिहिलं होतं आणि ते मला उलट विचारून घ्यावं लागलं. माझं निम्मं उत्तर त्यातच असतं हो. दात सगळ्यांचे सारखेच दिसतात पण तोंड सारखं नसतं, चार वर्षांच्या पोराच्या दाढेतलं भोक आणि चौऱ्याहत्तर वर्षांच्या आजींच्या दाढेतलं भोक यांचा इलाज एक नाही.

मुलगा साडेचार वर्षांचा आहे. मागच्या दोन दाढा किडल्यात. डॉक्टर म्हणतात नस काढून कॅप घाला, सासूबाई म्हणतात दुधाचे दात आहेत, पडणारच आहेत, कशाला पोराला त्रास. कोणाचं ऐकू?

सासूबाईंचं एक बरोबर आहे, दात पडणारच आहेत. प्रश्न कधी पडणार हा आहे. पुढचे दात सहा-सातव्या वर्षी हलायला लागतात म्हणून सगळ्यांना वाटतं की सगळेच तेव्हा पडतात, पण मागच्या दुधाच्या दाढा साधारण १० ते १२ वर्षांपर्यंत तोंडात असतात. म्हणजे तुमच्या मुलाला त्याच दाढांवर अजून सहा-सात वर्षं जेवायचंय.

दुसरं म्हणजे दुधाच्या दाताचं वरचं कवच पातळ असतं आणि आतली नस दाताच्या मानाने मोठी, त्यामुळे कीड आत पोचायला मोठ्या माणसाइतका वेळ लागत नाही. आज बारीक काळा ठिपका आणि काही महिन्यांत रात्री रडारड, असं होतं. आणि दाढ लवकर काढून टाकली तर मागून सहाव्या वर्षी येणारी कायमची दाढ पुढे सरकते, मग त्या दाढेखालून येणाऱ्या कायमच्या दाताला यायला जागा उरत नाही आणि तो वाकडातिकडा येतो. काढावीच लागली तर ती जागा धरून ठेवायला छोटी पट्टी बसवतात, ती बसवणार का हे विचारून घ्या.

"नस काढायची" ऐकून आई-बाबा घाबरतात. लहान मुलांत बहुतेक वेळा नसेचा फक्त वरचा खराब भाग काढतात, मुळांमधला जिवंत भाग तसाच ठेवतात आणि वर स्टीलची तयार कॅप बसवतात. वेळ आली की दात कॅपसकट पडतो. हिरडीवर पुळी आली असेल किंवा गाल सुजला असेल तर मात्र गोष्ट वेगळी, मग थांबू नका. आणि मूल अजिबात तोंड उघडत नसेल आणि कीड नसेपर्यंत गेलेली नसेल तर चांदीचं औषध लावून कीड थांबवता येते, दात तिथे काळा पडतो पण खुर्चीवर झटापट करण्यापेक्षा ते बरं.

आता मी तुम्हाला विचारते, रात्री झोपताना बाटली आहे का? झोपेत लाळ फार कमी सुटते, त्यामुळे तोंडात राहिलेलं गोड दूध तसंच दातांवर बसून राहतं. ती बंद करा किंवा तिच्यात नुसतं पाणी द्या. पेस्ट फ्लोराइडवालीच घ्या, ट्यूबवर १००० पीपीएम किंवा जास्त लिहिलेलं असतं ते बघा. तीन वर्षांखाली तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वाटाण्याएवढी, ब्रशभर लांबलचक पट्टी जाहिरातीत दाखवतात ती विसरा. आणि ब्रश तुम्ही करून द्यायचा, सात-आठ वर्षांचा होईपर्यंत, त्याच्या हाताला तेवढं वळण आलेलं नसतं. "तो स्वतःचा स्वतः करतो" हे कौतुकाने सांगणाऱ्या आयांची मुलंच माझ्या खुर्चीवर जास्त असतात.

मी १६ वर्षांचा आहे, ब्रेसेस लावून दीड वर्ष झालं. ब्रॅकेटच्या कडेने पांढरे डाग दिसतायत. रोज प्रॅक्टिसला जातो. हे डाग ब्रेसेस काढल्यावर जातील का?

तू प्रॅक्टिसला काय पितोस ते लिहिलं नाहीस पण मी पैज लावते, स्पोर्ट्स ड्रिंकची बाटली आणि तीसुद्धा दोन तास घोट घोट. ते पांढरे डाग म्हणजे किडीची पहिली पायरी आहे, तिथलं खनिज निघून गेलंय पण भोक अजून पडलेलं नाही. गोड किंवा आंबट काही तोंडात गेलं की प्लाकमधलं, म्हणजे दातांवरच्या चिकट थरातलं, पीएच साधारण ५.५ च्या खाली जातं (आकडा जितका कमी तितका आंबटपणा जास्त) आणि कवच विरघळायला लागतं, मग लाळ हळूहळू ते सावरते, त्याला अर्धा तास तरी जातो. तू दर दहा मिनिटांनी घोट घेतोस म्हणजे लाळेला सावरायला वेळच देत नाहीस. एका दमात पिऊन टाकलंस तर त्यापेक्षा कमी नुकसान, पाणी प्यायलास तर काहीच नाही.

डाग थोडे फिके होतात, पूर्ण जातीलच असं मी म्हणणार नाही, पण आत्ता थांबवलंस तर भोक पडणार नाही. तारेखालून जाणारा बारीक ब्रश घे, फ्लोराइडचं माउथवॉश ब्रश केल्यानंतर लगेच नको, दिवसातल्या वेगळ्या वेळी. आणि खेळ धक्काबुक्कीचा असेल तर ब्रेसेसवर बसणारा माउथगार्ड घाल. कोणाचा कायमचा दात मुळासकट बाहेर आला तर मुळाला हात न लावता वरच्या भागाने धरायचा, माती लागली असेल तर जरासा पाण्याखाली धरायचा, घासायचा नाही, जमलं तर तिथेच परत बसवायचा, नाही जमलं तर दुधात टाकून अर्ध्या तासात डेंटिस्टकडे पळायचं. तुमच्या टीममध्ये हे सगळ्यांना सांग.

पाचवा महिना चालू आहे, दाढ जबरदस्त ठणकतेय. जवळच्या क्लिनिकमध्ये सांगितलं डिलिव्हरी झाल्यावर या. घरचे म्हणतात बाळ दातातलं कॅल्शियम ओढून घेतं म्हणून असं होतं.

चार महिने ठणका काढायचा? अजिबात नाही. दुसरी तिमाही तर उपचाराला सगळ्यात सोयीची, उलट्या थांबलेल्या असतात आणि पोट अजून फार मोठं नसतं. नेहमीचं भुलीचं इंजेक्शन लिडोकेनचं असतं ते चालतं, गरज असेल तर एप्रन घालून दाताचा छोटा एक्स-रे पण चालतो. तुम्हाला खरा धोका आत साठणाऱ्या पूचा आणि उपाशीपोटी काढलेल्या रात्रींचा आहे. दुखण्याला पॅरासिटामॉल, तेही गायनॅकच्या डॉक्टरांना विचारून, आयब्युप्रोफेन घरात पडलंय म्हणून घेऊ नका. टेट्रासायक्लिन गटातली अँटिबायोटिक नकोत, त्याने बाळाच्या दातांवर डाग पडतात. पुढच्या महिन्यांत खुर्चीत पूर्ण आडवं झोपवलं की पोटाच्या वजनाने मागची मोठी शीर दाबली जाते आणि चक्कर येते, तर उजव्या बाजूला कमरेखाली छोटी उशी मागून घ्या.

बाळ दातातून कॅल्शियम काढत नाही, दातातलं कॅल्शियम तसं निघूनच येत नाही. होतं काय, की हार्मोन्समुळे हिरड्या सुजतात, रक्त येतं म्हणून ब्रश हलकाच फिरवला जातो, सारखं थोडं थोडं खाल्लं जातं आणि उलट्यांमधलं ॲसिड दातांवर येतं. उलटी झाल्यावर लगेच ब्रश करू नका, कवच तेव्हा मऊ झालेलं असतं, पाण्यात चिमूटभर खायचा सोडा घालून चूळ भरा आणि अर्ध्या तासाने घासा.

वय ४७. कधी हिरडीतून रक्त आलं नाही, दात किडला नाही, तरी आता पुढचे दोन दात हलतायत आणि मध्ये फट पडलीय. डॉक्टर क्लीनिंग सांगतायत पण मित्र म्हणतो क्लीनिंगने दात अजून सैल होतात. (विचारल्यावर कळलं: रोज आठ-दहा सिगारेटी, शुगर आहे, एचबीएवनसी, म्हणजे गेल्या तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ९ च्या वर.)

बघा, पत्रात दातांबद्दल पाच ओळी आणि खरं उत्तर कंसात. सिगारेटमुळे हिरडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, त्यामुळे सूज आणि रक्त दिसतच नाही आणि माणूस खूश असतो की माझ्या हिरड्या मजबूत. आत हाड झिजत असतं. त्यात शुगर वाढलेली असली की इन्फेक्शनशी लढायची ताकद कमी आणि जखम भरायला वेळ, आणि हे उलटंही चालतं, हिरडीतली जुनाट सूज शुगर आटोक्यात येऊ देत नाही. हिरड्यांवर नीट उपचार झाले की एचबीएवनसी थोडं खाली येतं हे अभ्यासांमध्ये दिसलंय. थोडंच हं, गोळ्या बंद करण्याइतकं नाही.

मित्राचं म्हणणं मी रोज ऐकते. हाड गेल्यावर दातांच्या मधल्या जागेत टार्टर, म्हणजे कडक झालेला दातांवरचा थर, भरून दगडासारखा घट्ट बसतो आणि दात त्याच्या आधाराने उभे राहतात. तो काढला की आधीच सैल असलेला दात सैल जाणवतो, फटी दिसतात, गार पाणी झोंबतं. क्लीनिंगने सैल केलेलं नसतं, उघड केलेलं असतं. तुम्हाला वरवरचं क्लीनिंग पुरणार नाही, हिरडीच्या खाली मुळांपर्यंत साफ करावं लागेल, भूल देऊन, दोन-तीन बैठकांत, आणि मग दर तीन-चार महिन्यांनी दाखवायचं. आत्ताच कोणी ते दोन दात काढून इम्प्लांटचं, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात लावायचं, पॅकेज सांगत असेल तर थांबा. ज्या तोंडात सिगारेट आणि वाढलेली शुगर आहे तिथे इम्प्लांटही फेल जास्त होतात. आणि एक, सिगारेट सोडल्यावर काही आठवड्यांत हिरडीतून रक्त यायला लागलं तर घाबरून परत सुरू करू नका, रक्तपुरवठा परत सुरू झाल्याचं ते लक्षण असतं.

आई ७४ वर्षांची. आयुष्यभर दात उत्तम, आणि गेल्या दोन वर्षांत हिरडीजवळ एकामागून एक सात-आठ दात पोखरलेत. दुखत नाही म्हणते. एक काढायला सांगितलाय, पण ती रक्त पातळ व्हायची गोळी घेते, ती किती दिवस आधी बंद करायची?

गोळी स्वतःहून बंद करायची नाही. एक दिवस पण नाही. दात काढल्यावर येणारं रक्त दाबून, टाका घालून थांबवता येतं, पण गोळी बंद केल्यावर हृदयात किंवा मेंदूत रक्ताची गाठ अडकली तर ते निस्तरता येत नाही. ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल असेल तर साधा एखादा दात गोळी चालू ठेवूनच काढतात. वॉरफरिन असेल तर आधी आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा) तपासतात, तो ४ च्या खाली असला की साधारणपणे काढता येतो. नव्या प्रकारच्या गोळ्यांत कधी कधी त्या सकाळचा एक डोस पुढे ढकलतात पण ते डॉक्टर ठरवतील.

यादी मागवली तेव्हा तुम्ही पाठवलेल्या फोटोत अजून तीन गोष्टी दिसल्या. बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी, झोपेसाठी डिप्रेशनच्या गटातली एक, आणि मूत्राशयाची एक. तिन्हींनी तोंड कोरडं पडतं. लाळ कमी झाली की दाताचं संरक्षणच गेलं, त्यात या वयात हिरडी खाली सरकून मूळ उघडं पडलेलं असतं आणि मुळावर कडक कवच नसतं, ते कवचापेक्षा फार लवकर विरघळतं. पोखरलेले दात हिरडीजवळच का, याचं उत्तर हे. तोंड कोरडं म्हणून आई दिवसभर लिमलेटच्या गोळ्या चघळतात हे तुम्ही नंतर सांगितलंत, झालं, साखर आणि आंबट दोन्ही, दिवसभर! त्याऐवजी साखर नसलेलं च्युइंग गम, जमत नसेल तर पाण्याचे घोट. फिजिशियनना विचारा की यातली एखादी गोळी बदलता येते का, बऱ्याचदा येते, फक्त कोणी विचारत नाही. डेंटिस्टकडून ५००० पीपीएम फ्लोराइडची पेस्ट लिहून घ्या, ती नेहमीच्या पेस्टच्या तिप्पट ते पाचपट ताकदीची असते, चिठ्ठीवरच घ्यायची. हात थरथरत असेल तर जाड मुठीचा किंवा इलेक्ट्रिक ब्रश, आणि रात्रीचा ब्रश तुम्ही करून द्या.

दुखत नाही यावर विसंबू नका. वयाप्रमाणे दाताच्या आतली पोकळी भरत जाते, नस बारीक होते, म्हणून कीड खोल जाईपर्यंत ओरड होत नाही. रूट कॅनलही म्हणूनच अवघड जातं, नळी सापडायलाच वेळ लागतो.

आणि ते "वर्षातून एकदा हाडांचं इंजेक्शन", जे तुम्ही गोळी नाही म्हणून यादीत लिहिलंच नव्हतंत, ते दात काढायच्या आधी सांगायलाच हवं. झोलेड्रोनिक ॲसिड किंवा तसलं काही असेल तर दात काढल्यावर जबड्याचं हाड न भरण्याचा धोका असतो. ऑस्टिओपोरोसिसच्या डोसला हा धोका कमीच, कॅन्सरसाठी घेणाऱ्यांना बराच जास्त, पण माहीत असलं की सर्जन वेगळी काळजी घेतो, शक्य असेल तर दात न काढता मुळं तशीच ठेवून उपचार करतो.

इम्प्लांटला वयाची मर्यादा आहे का? मी ६८, आणि नातीचा पुढचा दात जन्मतःच नाही, ती १५.

तुम्हाला चालेल, वर मर्यादा नाही, हाड, शुगर आणि सिगारेट बघतात. नातीला आत्ता नाही. इम्प्लांट हाडात रुतून बसतं आणि जबडा वाढत राहतो, मग शेजारचे दात खाली येतात आणि हा वरच अडकून आखूड दिसतो. वाढ पूर्ण होईपर्यंत शेजारच्या दाताला चिकटवलेला खोटा दात (ब्रिज) किंवा काढता येणारा दात.

बाबांची कवळी दहा वर्षं जुनी, सैल झालीय, कवळी चिकटवायची क्रीम लावून चालवतात, रात्रीही काढत नाहीत. एका जागी सारखं लागतं.

कवळी सैल झालेली नसते, खालचं हाड झिजलेलं असतं, त्यामुळे क्रीम वाढवत नेण्यात अर्थ नाही, आतून नवा थर देऊन घ्या किंवा नवी करा. रात्री काढून, साबणाने आणि ब्रशने घासून पाण्यात ठेवायची, टूथपेस्टने नको, चरे पडतात. कवळी घालून झोपणाऱ्या म्हाताऱ्या माणसांत टाळूला बुरशी होते आणि न्यूमोनियाचं प्रमाणही जास्त दिसतं. जिथे लागतंय तिथली कड डॉक्टर घासून देतील. घासून दिल्यावर आणि कवळी काढून ठेवल्यावर दोन आठवड्यांत ती जखम भरली नाही, विशेषतः जिभेच्या कडेला किंवा गालात असेल आणि बाबा तंबाखू खात असतील किंवा पूर्वी खायचे, तर परत कड घासायला जाऊ नका, तुकडा काढून तपासायला सांगा.