कोल्हापूरच्या केशवराव भोसले नाट्यगृहाचा इतिहास काय आहे? आग लागण्याआधी तिथे फक्त नाटकंच व्हायची का?

फक्त नाटकं कुठली, अख्ख्या कोल्हापूरचा संसार तिथे चालायचा.

आधी इतिहास सांगतो. राजर्षी शाहू महाराज 1902 ला सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी विलायतेला गेले होते, त्या दौऱ्यात रोमचं जुनं आखाड्याचं बांधकाम त्यांनी बघितलं आणि परत आल्यावर खासबागेत कुस्तीचं मैदान बांधून घेतलं, मग त्याला लागूनच 1915 मध्ये नाट्यगृह उभं राहिलं. तेव्हाचं नाव पॅलेस थिएटर. मैदानाचं व्यासपीठ आणि नाट्यगृहाचा रंगमंच पाठीला पाठ लावून, म्हणजे एका भिंतीच्या अलीकडे गाणं आणि पलीकडे कुस्ती, हे मला आजही भारी वाटतं. आत प्रेक्षकांच्या मधे खांब नाहीत, त्यामुळे कुठेही बसा, समोरचं नीट दिसायचं. 1957 ला गायक-नट संगीतसूर्य केशवराव भोसल्यांचं नाव दिलं. केशवराव कोल्हापूरचेच, 1908 मध्ये हुबळीला ललितकलादर्श ही नाटक मंडळी काढली आणि 1921 मध्ये जेमतेम एकतिशीत गेले.

पुढे हे महापालिकेकडे आलं आणि माझ्या मते इथूनच ते खरं लोकांचं झालं. मुंबई-पुण्याची व्यावसायिक नाटकं यायची, पण त्याशिवाय शाळांची गॅदरिंग, बक्षीस समारंभ, लावणीचे शो, ऑर्केस्ट्रा, मैफली, सत्कार, राजकीय मेळावे, सगळं तिथेच. आम्हा हौशी मंडळींसाठी मात्र ते राज्य नाट्य स्पर्धेचं केंद्र होतं. वर्षभर कुणाच्या तरी हॉलमध्ये नाहीतर गच्चीवर तालमी करायच्या, नोकरी सांभाळून, आणि स्पर्धेच्या दिवशी टेम्पोतून सेटचे फ्लॅट (उभ्या चौकटी), लेव्हल (चौथरे), कुणाच्या घरचा सोफा असं सगळं घेऊन मागच्या दाराने आत शिरायचं, सेट लावून होतोय तोवर लाईटवाल्याची घाई, मेकअप रूममध्ये आरशासाठी रेटारेटी. तिसरी घंटा झाली की विंगेत उभं राहून बाल्कनीतली कुजबुज थांबताना ऐकू यायची. ज्याने ती ऐकलीय त्याला मी काय म्हणतोय ते कळेल.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली. दुसऱ्या दिवशी, 9 तारखेला केशवरावांची जयंती होती. छत, रंगमंच, खुर्च्या सगळं गेलं, खासबागेचं व्यासपीठही जळालं. रस्त्यावर म्हातारे नट, बॅकस्टेजवाले, नाटकाशी काही संबंध नसलेली माणसंसुद्धा रडत होती.

आता पुनर्बांधणीचं काम हाती घेतलंय, होतं तसंच बांधणार असं सांगितलंय. दगडकाम, समोरचा भाग जुन्यासारखा होईलही, पण मला काळजी आहे ती आवाजाची आणि भाड्याची. मधे खांब नकोत, शेवटच्या रांगेपर्यंत माईकशिवाय आवाज पोचला पाहिजे आणि भाडं हौशी ग्रुपला वर्गणी काढून परवडेल एवढंच ठेवलं पाहिजे. तोवर लहान कार्यक्रमांना दसरा चौकातलं शाहू स्मारक भवन आहे, पण मोठा सेट असलेल्या नाटकाला ते पुरत नाही. तुम्ही कोल्हापूरला येणार असाल तर खासबाग मैदान जरूर बघा, त्याच्या पाठीलाच हे नाट्यगृह आहे.