चार फोन, एक मोडेम आणि दारातला स्प्लिटर

प्रश्न : इंदूरच्या लोकमान्य नगरात आमचं जुनं दुमजली घर आहे. एकाच लँडलाइनवर चार फोन आहेत : बैठकीत, स्वयंपाकघरात, वर मुलाच्या खोलीत आणि गच्चीवरच्या खोलीत कॉर्डलेस. मोडेमही मुलाच्याच टेबलावर. प्रत्येक फोनला छोटा फिल्टर लावला आहे, तरी घंटी वाजली की नेट तुटतं. बैठकीतल्या फोनवर सतत बारीक ‘शीऽऽ’ ऐकू येतं. पावसात तर विचारूच नका. ओळखीचा एक मुलगा म्हणाला, हे फिल्टर फेका, घरभराचा एकच स्प्लिटर बसवा. सासऱ्यांना लँडलाइन सोडायची नाही आणि आमच्या गल्लीत फायबर अजून आलेलं नाही. स्प्लिटर कोणता घ्यावा? जोडणी घरच्या घरी होईल का?
— एक वाचिका, इंदूर

उत्तर : मुलगा बरोबर बोलला, फक्त एक पायरी गाळून. स्प्लिटर म्हणजे बोलणं आणि नेट दाराशीच वेगळं करणारा डबा. छोटा फिल्टर तेच काम एकेका फोनपाशी करतो. आधी बिघाड घरातला आहे की खांबावरचा, ते बघा. खांबावरून आलेली ड्रॉप वायर जिथे घरात शिरते तिथे, बहुतेक ओट्यावर नाहीतर जिन्याखाली, रोझेट म्हणजे तारा जोडायची छोटी डबी असेल. त्यातून आत गेलेल्या सगळ्या वायरी सोडवा, मोडेम खाली आणा आणि थेट बाहेरून आलेल्या दोन तारांच्या जोडीला लावा. एक संध्याकाळ तसंच चालू द्या. पाऊस लागला तर उत्तमच. मोडेमच्या बुडाला त्याचा पत्ता छापलेला असतो. तो ब्राउझरमध्ये टाकला की डीएसएल स्टेटसचं पान सापडतं. डीएसएल म्हणजे फोनच्या तारेवरून येणारं नेट. त्यातला एसएनआर मार्जिनचा आकडा, म्हणजे खरखरीच्या वर सिग्नल किती राखून आहे तो, वहीत लिहून ठेवा. ६ डेसिबलच्या खाली उतरला तर लाइन कधी तुटेल सांगता येत नाही. १० च्या वर टिकून राहिला तर बाहेरची लाइन ठणठणीत आहे. शेजारीच अटेन्युएशन लिहिलेलं असतं. एक्स्चेंजपासून तुमच्या दारापर्यंत येताना सिग्नल किती क्षीण झाला, ते त्यावरून कळतं. त्यावर घरात बसून इलाज नाही.

एवढं करूनही पावसात नेट गेलं, तर स्प्लिटरला पैसे घालू नका. ओल डीपीत, म्हणजे घरोघरी जोड्या वाटणाऱ्या पेटीत, किंवा खांबावरच्या एखाद्या जोडात आहे. तक्रार करा, आणि लाइनमन आला की डीपी उघडून जोड दाखवायला सांगा. तो बट, म्हणजे त्याचा तपासणीचा फोन, लावेल, डायल टोन ऐकेल आणि ‘लाइन ठीक है’ म्हणून सायकलला टांग मारेल. जाऊ देऊ नका. मी आयुष्य याच खात्यात काढलंय म्हणून सांगतो, गंजक्या जोडावरूनही डायल टोन सुरेख येते. डीएसएल मात्र तिथेच धापा टाकतं.

थेट लावल्यावर मोडेम शांत राहिला, तर दोष घरात आहे आणि तुम्हाला स्प्लिटरचा उपयोग आहे. का, तेही सांगतो. बोलणं ३०० ते ३४०० हर्ट्झमध्ये मावतं. डीएसएल त्याच दोन तारांवर २५ किलोहर्ट्झच्या वर चालतं, एडीएसएल२+ असेल तर २.२ मेगाहर्ट्झपर्यंत. फोनच्या डबड्याला या वरच्या कारभाराची कल्पना नसते. रिसीव्हर उचलला की तो वरचा सिग्नल गिळतो. घंटी वाजताना तारेवर साधारण ७५ व्होल्टचा एसी येतो, त्याचा धक्का बिघडलेल्या फिल्टरमधून सरळ मोडेमपर्यंत जातो. फोनवरची ‘शीऽऽ’ म्हणजे डीएसएलच फोनमध्ये झिरपतंय. बैठकीतला फिल्टर गेला, असं मी इथे बसून सांगतो.

मग तो एकच फिल्टर का बदलू नये? बदलून बघा, घंटीचा त्रास बहुधा थांबेल. पण छोटे फिल्टर फोनला अडवतात, वायरीला नाही. स्वयंपाकघराकडे गेलेला फाटा, गच्चीकडे गेलेला फाटा, सगळे डीएसएलच्या बाजूलाच लोंबकळत राहतात. सिग्नल अशा फाट्याच्या टोकापर्यंत जातो, आपटून उलटा येतो आणि मूळ सिग्नलचाच काही भाग खोडून टाकतो. वीस-पंचवीस मीटरचा फाटा नेमका २ मेगाहर्ट्झच्या आसपासचा भाग खातो, म्हणजे तुमच्या वेगाचा वरचा हिस्साच. त्यात जुन्या घरांतली टेलिफोनची वायर पीळ नसलेली, आणि लाइटच्या वायरीला चिकटून एकाच पट्टीतून नेलेली. पंख्याचा इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटर, मिक्सर, ट्यूबलाइटचा चोक, सगळ्यांची खरखर ती गोळा करते. स्प्लिटर दाराशी बसला की हे अख्खं जंजाळ त्याच्या मागे जातं आणि मोडेमला स्वतःची एकच स्वच्छ जोडी मिळते.

आता खरेदी. मोडेमच्या त्याच पानावर मोड बघा. एडीएसएल२+ किंवा जी.९९२.५ लिहिलं असेल तर साधा एडीएसएल स्प्लिटर पुरे. व्हीडीएसएल२ किंवा जी.९९३.२ असेल तर व्हीडीएसएलसाठीचाच मागा, कारण ते १७ मेगाहर्ट्झपर्यंत आणि काही ठिकाणी ३० पर्यंत जातं. जेल रोडला किंवा ऑनलाइन परदेशी जुना माल स्वस्तात दिसेल. त्यातल्या जर्मन स्प्लिटरला हात लावू नका. तिकडची डीएसएल आयएसडीएन या डिजिटल फोन लाइनच्या वरून चालायची, त्याला ॲनेक्स बी म्हणतात. तो स्प्लिटर साधारण १२० किलोहर्ट्झपर्यंतचं सगळं फोनकडे वळवतो. आपली लाइन ॲनेक्स ए, म्हणजे साध्या फोनवरून चालणारी, आणि आपला अपलोड २५ ते १३८ किलोहर्ट्झमध्ये. म्हणजे तुमचा जवळजवळ सगळा अपलोड सासऱ्यांच्या कानात. दुकानदार झाकण उघडू देत असेल तर आत डोकावा. एकच छोटं कॉइल आणि एक कपॅसिटर एवढाच संसार असेल तर परत द्या. मला स्क्रूने तार आवळायचा स्प्लिटर आवडतो. आरजे-११ च्या, म्हणजे फोनची पिन बसते तशा, तीन खाचांचाच मिळाला तरी चालेल, पण त्याच्यासोबतची चपटी कॉर्ड हातभरापेक्षा लांब ठेवू नका, तिला पीळ नसतो.

जोडणी घरी होते. आकाशात गडगडाट असेल त्या दिवशी नको. माळव्यात जूनमध्ये वीज कशी येते ते तुम्हाला माहीत आहे. हात घालण्याआधी बाहेरची जोडी सोडवा. एरवी तिच्यावर ४८ व्होल्ट डीसी असतो, तो जाणवतही नाही. पण मध्येच कोणी फोन केला तर घंटीचा झटका सणसणीत बसतो. स्प्लिटर घराच्या आत लावा, ओट्यावर ओलीत नको. बाहेरची जोडी ‘लाइन’ला. चारही फोनच्या जुन्या वायरी एकत्र करून ‘फोन’ला. ‘मोडेम’वरून नवी कॅट-५, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कची पीळ दिलेल्या जोड्यांची केबल, तिच्यातली निळी आणि निळी-पांढरी, म्हणजे एकाच पिळातल्या दोन तारा. एक निळी आणि एक नारिंगी घेतली तर मीटरवर सगळं बरोबर दिसतं आणि पीळ वाया जातो. उलटसुलट लागली तर बिघडत नाही. जोडांवर टेप गुंडाळू नका. जेली भरलेले छोटे कनेक्टर मिळतात, तार घालून पकडीने दाबायचे. लाइनमनकडे पुडीभर असतात, मागितले तर देतो. काम झालं की चारही छोटे फिल्टर काढून टाका, नाहीतर आवाज दबतो.

मोडेम वर न्यायचा हट्ट मुलाने सोडावा, असं मला वाटतं. मोडेम खालीच स्प्लिटरशेजारी ठेवा आणि वर लॅनची केबल न्या. ती १०० मीटरपर्यंत कुरकुरत नाही.

आता परीक्षा. स्प्लिटरमधून ‘फोन’ची जोडी काढा आणि घरातला प्रत्येक रिसीव्हर उचलून बघा. सगळे मुके झाले पाहिजेत. एखाद्यावर डायल टोन आली, तर ती वायर स्प्लिटरच्या आधीच कुठेतरी जोडलेली आहे. जुन्या घरांत असं हमखास निघतं. भाडेकरूंच्या खोलीत कधीकाळी नेलेलं एक्स्टेंशन, दाराशी लावलेला कॉलर आयडीचा डबा, एसटीडीचं कुलूप. शोधा आणि स्प्लिटरच्या मागे घाला. मग जोडी परत लावा, एक फोन उचला आणि मोडेमचं पान बघा. वहीतला मार्जिनचा आकडा जागच्या जागी राहायला हवा. एक-दोन डेसिबलपेक्षा जास्त घसरला तर स्प्लिटर कुचकामी आहे, पावती जपून ठेवली असेल तर बदलून घ्या. फोन चालतात पण ‘शीऽऽ’ आहे आणि मोडेमचा डीएसएलचा दिवा नुसता लुकलुकतो, असं झालं तर ‘फोन’ आणि ‘मोडेम’ अदलाबदल झालेत.

आणि सासऱ्यांचा फोन बैठकीतला तारवालाच राहू द्या. स्प्लिटरला वीज लागत नाही आणि त्या फोनला एक्स्चेंजच्या बॅटरीवर ताकद मिळते, त्यामुळे लाइट गेली तरी तो बोलतो. कॉर्डलेस बोलत नाही.

प्रश्न : दुकानात एकच फोन आणि शेजारीच मोडेम. आम्हालाही दारात स्प्लिटर हवा का?
— एक वाचक, राजवाडा परिसर, इंदूर

उत्तर : नको. फोनला एक फिल्टर बास. फॅक्स किंवा कार्ड स्वाइपचं मशीन त्याच लाइनवर असेल तर त्यालाही एक लावा.

प्रश्न : आमच्याकडे फायबर आलं. फायबरच्या डब्याला मागे फोनची खाच आहे. घरातले जुने तीन फोन त्यावर चालतील का, की पुन्हा वायरिंग?
— एक वाचिका, स्नेहनगर, इंदूर

उत्तर : चालतील, आणि वायरिंग तेच. फोनच्या खाचेतून निघालेली कॉर्ड जुन्या वायरीला जोडली की तिन्ही वाजतात. मात्र त्याआधी खांबावरून आलेली तांब्याची जोडी दाराशी कापून वेगळी करा, टोकं झाकून ठेवा. कनेक्शन बंद केलं म्हणजे तारेवरचे ४८ व्होल्ट गेलेच असं नाही, आणि ते उलट डब्यात शिरले तर डबा जातो. जुना स्प्लिटर असेल तर तोही काढा, आता त्याला काम नाही. या डब्याची घंटीची ताकद बेताची असते. तीन फोनपैकी एखादा जुना खऱ्या घंटीचा असेल आणि सगळे मरगळलेले वाजले, तर आधी त्याची पिन काढून बघा. डबा इन्व्हर्टरवर घ्यायला विसरू नका, लाइट गेली की यावरचे सगळे फोन बंद पडतात.