काचेवरचं साल आणि आरसीवरचं साल

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कुर्ल्यात एका डीलरकडे २०१९ ची पेट्रोल हॅचबॅक बघितलीत, एमएच-०४ पासिंग, फर्स्ट ओनर, मीटरवर ४१,००० किलोमीटर. डीलर म्हणतोय, "नॉन-ॲक्सिडेंट आहे, पेपर क्लियर, दोन दिवसांत टोकन द्या." गाडी ठोकलेली किंवा पाण्यातून काढलेली नाही हे कसं ओळखायचं, आणि कागदात काय बघायचं?

आधी टोकन थांबवा. मी मोटर इन्शुरन्सचा सर्व्हेयर आहे. ठोकलेल्या आणि बुडालेल्या गाड्या बघणं हेच माझं रोजचं काम, तेव्हा एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, कारण बहुतेकांना ती माहीत नसते. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या, म्हणजे पॉलिसीत धरलेल्या किमतीच्या, ७५ टक्क्यांच्या वर गेला की ती आमच्या हिशोबात टोटल लॉस. मालकाला पैसे मिळतात आणि उरलेली गाडी साल्व्हेज, म्हणजे मोडीचा माल, म्हणून विकली जाते. कायमची निकामी झालेल्या गाडीची नोंदणी रद्द व्हावी असं मोटार वाहन कायद्यात आहे. पण साल्व्हेजमधली बरीच वाहनं नोंदणी रद्द न होताच कुणाच्या तरी गॅरेजमध्ये जातात आणि दोन महिन्यांनी पॉलिश होऊन बाहेर येतात. आरसीवर 'टोटल लॉस' असा शिक्का कुठेही नसतो. त्यामुळे 'पेपर क्लियर' खरं असूनही गाडी खोटी असू शकते.

मग गाडीवरच्या तारखा वाचायच्या. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात कंपनीच्या खुणेखाली वर्षाचा कोड असतो. सगळ्या काचा एकाच सालच्या आसपासच्या हव्यात. पुढची काच एकटीच नवी असेल तर दगड लागला असेल, सोडून द्या. पण उजव्या बाजूच्या दोन्ही दरवाज्यांच्या काचा २०२२ च्या आणि डावीकडच्या २०१९ च्या असतील, तर उजवीकडून कुणीतरी जोरात येऊन बसलेलं आहे. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा, तळाशी शिवलेल्या लेबलवर तारीख असते. २०१९ च्या गाडीत २०२१ चा बेल्ट का, हा प्रश्न विचाराच. अपघातात एअरबॅग उघडली की बेल्टही बदलावा लागतो. चावी फिरवल्यावर मीटरमधला एअरबॅगचा दिवा काही सेकंद लागून विझला पाहिजे. तो लागलाच नाही, तर कुणीतरी तो मुद्दाम बंद केलाय. टायरवर चार आकडे असतात, २३१९ म्हणजे २०१९ चा २३ वा आठवडा. ४१,००० ला चारही टायर नवे दिसले तर मीटर मागे फिरवलेला असण्याची शंका घ्या.

आता पाणी. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्यानंतरचे महिने आम्ही गाड्यांच्या रांगाच मोजत होतो. माझ्या मेव्हण्याने २००६ मध्ये एक सेडान ठरवली आणि मला संध्याकाळी दुकानाच्या ट्यूबलाइटखाली दाखवली. मी नवखा होतो, वर घरचा माणूस घाईत. बॉनेट उघडून "चांगली आहे" म्हणालो. जूनच्या पहिल्या पावसात पॉवर विंडो आपोआप खाली जायला लागल्या, मग एसी बिघडला, मग ईसीएम, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर. वायरिंग काढलं तेव्हा हार्नेसच्या, म्हणजे वायरींच्या जुडग्याच्या, आत वाळलेला गाळ निघाला. मेव्हणा आजही लग्नकार्यात चारचौघांत ते काढतो.

तेव्हापासून मी दिवसाउजेडीच बघतो आणि नाकापासून सुरुवात करतो. गाडीत परफ्यूमचा भपका असेल तर काचा बंद करून दहा मिनिटं आत बसा, ओल्या गोणपाटासारखा वास मागून येतोच. सीटबेल्टच्या आतल्या भागावर मातीची रेघ आहे का बघा, तो भाग धुवायला लोक विसरतात. डिकीतली स्टेपनी उचला, खालच्या खोलगट जागेत गाळ, नाहीतर ताजा काळा रंग. मोबाइलचा टॉर्च घेऊन डॅशबोर्डच्या खाली आडवे व्हा. तिथल्या ब्रॅकेट्स आणि सीटच्या रेल्सचे बोल्ट गंजलेले असतील तर उठा आणि निघा. गाडीखालचा गंज मात्र मुंबईत पुरावा धरू नका. वरळी-वर्सोव्याला समुद्रासमोर उभी राहिलेली चांगली गाडीही खालून लाल होते. केबिनच्या आतला गंज मात्र खाऱ्या हवेने येत नाही.

ठोकर ओळखायला फेंडरचे (पुढच्या चाकावरच्या पत्र्याचे) आणि बॉनेटचे बोल्ट बघा. त्यांच्यावरचा रंग सोललेला असेल तर पाना लागलेला आहे. दरवाज्याचं रबर ओढून बाजूला करा, पिलरवर, म्हणजे दरवाज्यालगतच्या खांबावर, कंपनीचे स्पॉट वेल्डचे गोल खळगे सारख्या अंतरावर दिसतात. ते बुजलेले असतील किंवा सलग वेल्डिंगची रेघ असेल तर पिलर कापून जोडलाय. बंपरला टचअप असणं यात मी काही धरत नाही, या शहरात पार्किंग करणाऱ्या प्रत्येकाच्या बंपरला टचअप असतो. एप्रन (इंजिनच्या बाजूचा आतला पत्रा), चेसी (गाडीचा सांगाडा) आणि पिलर, एवढ्यावर तडजोड नको.

एक गंमत सांगतो, जी विक्रेत्यालाही सुचत नाही. चालू पॉलिसीची कॉपी मागा आणि एनसीबी, म्हणजे नो क्लेम बोनसची प्रीमियममधली सूट, बघा. दरवर्षी क्लेम न केल्यास ती २०, २५, ३५, ४५, ५० टक्के अशी चढते. फर्स्ट ओनर, इतकी वर्षं 'एक ओरखडा नाही', आणि एनसीबी शून्य? मग आदल्या वर्षी क्लेम झालाय, किंवा पॉलिसी ९० दिवसांपेक्षा जास्त बंद होती. दोन्हींपैकी काय, ते त्याला सांगू द्या. नुसती थर्ड पार्टी पॉलिसी असेल तर यातून काही कळणार नाही. आणि ही एनसीबी मालकाची असते, गाडीबरोबर तुम्हाला मिळत नाही.

कागदांचं. एमपरिवहन या सरकारी ॲपवर नंबर टाका. मालक क्रमांक, बँकेचा बोजा, ब्लॅकलिस्ट हे सगळं दिसतं. कर्ज फेडलं तरी हायपोथिकेशन, म्हणजे आरसीवरची बोज्याची नोंद, आपोआप निघत नाही, बँकेची एनओसी आणि फॉर्म ३५ लागतो. ते विक्रेत्याने काढून दिल्यावरच पूर्ण पैसे. ई-चलन वेगळं तपासा. सीएनजी किट असेल तर आरसीत नोंद हवी आणि सिलिंडरची दर तीन वर्षांची हायड्रो टेस्ट (पाण्याच्या दाबाची चाचणी) झालेली हवी. आधी टुरिस्ट परमिटवर धावून नंतर प्रायव्हेट केलेली गाडी नाही ना, तेही आरटीओच्या नोंदीतून काढा. चेसी नंबर स्वतः वाचा, आकडे वेडेवाकडे किंवा भोवती घासल्यासारखं दिसलं तर ती टोटल लॉस गाडीची ओळख चढवलेली चोरीची गाडी असू शकते. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) 'वाहन समन्वय' पोर्टलवर नंबर टाकून चोरीची नोंद नसल्याचा दाखला मिळतो, तो काढा.

डीलरबद्दल: १ एप्रिल २०२३ पासून जुन्या गाड्यांच्या डीलरला आरटीओची अधिकृतता लागते, तिचं प्रमाणपत्र फॉर्म २९-बी मध्ये असतं. ते दाखवा म्हणा. ते नसेल आणि "मालकाच्या सह्या केलेले फॉर्म २९-३० (मालकी बदलाचे) आहेत, नंतर नाव चढवा" असं ऐकू आलं, तर आरसीवरच्या माणसाला भेटल्याशिवाय पुढे जाऊ नका. आधार मागा, फोनवर बोला, जमलं तर त्याच्या घरी ठाण्याला जा. तो वारलेला निघाला तर आधी वारसाच्या नावावर गाडी चढवावी लागते, त्यासाठी फॉर्म ३१. नाव बदलाचा अर्ज तुम्ही ३० दिवसांत करायचा असतो, आणि विम्यावर नाव बदलायला १४ दिवस.

एवढं करून गाडी पसंत पडली तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला मालकासकट घेऊन जा आणि जॉबकार्डांवरचे किलोमीटर मागवा. डीलर "वेळ नाही" म्हणाला, तर कुर्ल्यातच सीएसटी रोडला पुढचं दुकान आहे.