मूकपटाला ढगांची साथ

"मॅडम, नऊ वर्षांचा घोडा झालाय, तरी ढग वाजले की कानात बोटं घालून पलंगाखाली. मग मी टीव्ही मोठ्यानं लावते. चालेल ना?" वळवाचे दिवस आले की माझ्याकडे समुपदेशनाला अशी एखादी आई येतेच. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदललेत.)

हे कुटुंब आधी पुण्यात सहकारनगरला राहायचं. २५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याचं पाणी त्यांच्या पार्किंगमध्ये शिरलं, तेव्हा मुलगा तीन वर्षांचा. त्याला काहीच आठवत नाही. आईला सगळं आठवतं. आभाळ भरून आलं की ती अजूनही दोन-दोनदा गॅलरीत जाऊन खाली डोकावते. पोरगं ढगांकडे बघतच नव्हतं, तिच्या चेहऱ्याकडे बघत होतं.

टीव्हीच्या आवाजानं तेवढ्यापुरती सुटका होते, पण मन समजून बसतं की टीव्ही होता म्हणून निभावलं. लाइट गेली की पुन्हा पलंगाखाली. मी त्याला श्वास मोजायला शिकवलं. दोन आठवडे त्यानं इमानेइतबारे केलं आणि पहिल्याच वादळात सगळं विसरला. चूक माझी. शांत खोलीत शिकलेलं गडगडाटात कुठून आठवणार?

वाट काढली आजोबांनी. जुने फिल्म सोसायटीवाले. लाइट गेल्यावर त्यांनी लॅपटॉपवर मूकपटांतला विनोदवीर बस्टर कीटनचा १९२८ चा 'स्टीमबोट बिल ज्युनिअर' लावला. लॅपटॉपचा स्पीकर बिघडलेला, त्यामुळे पडद्यावर वादळ, खिडकीबाहेर वादळ आणि आवाज फक्त बाहेरचा. घराची अख्खी दर्शनी भिंत कीटनवर कोसळते. तो नेमका खिडकीच्या मोकळ्या चौकटीत येतो आणि तसाच उभा राहतो. "भिंत खरी होती रे, चांगली वजनदार," आजोबा म्हणाले. "परत लावा!" चार वेळा लावलं. मग टेप आणून घरातली खिडकी मोजली, आपण मावतो का बघायला.

मला आधी वाटलं, हेही लक्ष वळवणंच. पण मूकपट गडगडाट झाकत नाही. ढग ऐकू येतच राहतात आणि पोरगं हसतही राहतं. भीतीची सवय मोडायला मला नेमकं हेच हवं होतं. मी थोडी भर घातली. वीज चमकली की गडगडाट होईपर्यंत आकडे मोजायचे, म्हणजे वीज किती लांब ते कळतं: साधारण तीन सेकंदांना एक किलोमीटर. आणि आईनं गॅलरीत न जाता त्याच्याशेजारी सोफ्यावर बसायचं. तिला हे फार जड गेलं.

(आभाळ निरभ्र असतानाही झोप आणि शाळा बिघडत असेल, आणि हे महिनोन् महिने चालू असेल, तर सिनेमावर भागवू नका.)

सध्या घरात चॅप्लिनचा 'गोल्ड रश' चालू आहे, कड्यावर हेलकावणाऱ्या झोपडीचा. एका कानात बोट अजून असतं. दुसरा हात सेकंद मोजायला लागतो.