ठिपके गेले, आजार राहिला : मत्स्यपालकांचे प्रश्न

प्रश्न : निऑन टेट्रांच्या अंगावर मिठाचे कण चिकटावेत तसे पांढरे ठिपके आले. दुकानातून आणलेलं औषध तीन दिवस घातलं, ठिपके गेले म्हणून बंद केलं. आठवड्याभरात ते परत आले, आणि आधीपेक्षा जास्त. औषध नकली होतं का?

उत्तर : औषध बहुधा ठीकच होतं, ते लवकर थांबवलंत. हा व्हाइट स्पॉट, म्हणजे इक्थिओफ्थिरियस या एकपेशीय परजीवीचा उपद्रव. ठिपका दिसतो तेव्हा परजीवी माशाच्या कातडीत शिरून खात बसलेला असतो, आणि पाण्यातलं औषध तिथे त्याच्यापर्यंत पोचत नाही. वाढ पूर्ण झाली की तो मासा सोडून तळाला जातो, खडीला किंवा पानाला चिकटून स्वतःभोवती कवच करतो आणि आत विभागत राहतो. एका कवचातून शेकडो नवे परजीवी पोहत बाहेर पडतात. त्यांना दोनेक दिवसांत मासा मिळाला नाही तर ते मरतात. औषध मारतं ते फक्त या पोहणाऱ्या अवस्थेला. म्हणजे तुमच्या माशांवरचे ठिपके गेले ते परजीवी पिकून गळून पडले म्हणून, आणि नेमकं त्याच वेळी तुम्ही औषध थांबवलंत.

हे सगळं चक्र 25 अंशांना साधारण आठवड्याभरात पुरं होतं, गार पाण्यात त्याला कितीतरी जास्त दिवस लागतात. म्हणून उपचारात हीटरचा उपयोग असतो. तापमान दिवसाला एक-दोन अंशांनी वाढवत 28 पर्यंत न्या. एवढ्या उष्णतेने परजीवी मरत नाही, पण त्याचं चक्र लवकर फिरतं आणि तो औषधाच्या तावडीत लवकर येतो. गरम पाण्यात प्राणवायू कमी विरघळतो, तेव्हा एअर पंप रात्रंदिवस चालू हवा.

औषध घालण्याआधी फिल्टरमधला कार्बन काढा, यूव्ही दिवा असल्यास बंद करा. कार्बन औषध शोषून घेतो आणि तुम्ही नुसतंच रंगीत पाणी बघत बसता. सायफनने खडीचा तळ उपसून पाव भाग पाणी बदला, त्याबरोबर कवचंही बाहेर जातात. मग बाटलीवर लिहिल्याप्रमाणे मात्रा द्या. शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही उपचार निदान एक आठवडा चालू ठेवा, म्हणजे एकूण दोन आठवड्यांची तयारी ठेवूनच सुरुवात करा.

मात्रेत हमखास घोळ होतो तो लिटरच्या हिशेबात. 60 × 30 × 40 सेंटिमीटरचा टँक कागदावर 72 लिटरचा. पण तळाला 5 सेंटिमीटर खडी आणि वर 5 सेंटिमीटर मोकळी जागा धरली तर पाण्याची खोली उरते 30, म्हणजे 54 लिटर. दगड-लाकूड वजा केलं की 50. 72 लिटरचं औषध घातलंत तर जवळपास दीडपट मात्रा झाली. मॅलाकाइट ग्रीन असलेल्या औषधात एवढा फरक टेट्रांना जड जातो. लोच आणि कॅटफिश यांना तर ही औषधं निम्म्या मात्रेनेच सुरू करावीत. तांबं असलेलं औषध कोळंबी आणि गोगलगाय असलेल्या टँकमध्ये अजिबात नको, दोन्ही मरतात.

औषध नको असेल तर जाडं मीठ चालतं. वनस्पती नसलेल्या टँकमध्ये दर लिटरला 2 ग्रॅमपर्यंत, पाण्यात विरघळवून, दिवसभरात तीन वेळा विभागून. एक गोष्ट मात्र बरेच जण विसरतात : पाणी आटतं, मीठ आटत नाही. आटलेलं पाणी भरताना साधंच पाणी घाला. मीठ परत घालायचं ते फक्त बदललेल्या पाण्यापुरतं.

प्रश्न : माझ्या गोल्डफिशच्या कल्ल्यांच्या झाकणावर आणि पुढच्या परांच्या कडेला बारीक पांढरे दाणे आहेत. अंगावर कुठेही नाहीत. मासा खातो, पळतो, दुसऱ्या माशाच्या मागे लागतो. व्हाइट स्पॉट समजून औषध सुरू करू?

उत्तर : करू नका. तो नर आहे आणि विणीच्या काळात आला आहे. हे दाणे या दोनच जागी आणि रांगेत येतात, मागे लागणं हाही त्याचाच भाग. व्हाइट स्पॉट शेपटीवर, पाठीवर, कुठेही विखरून येतो आणि मासा खडीवर अंग घासू लागतो.

प्रश्न : टँक लावून दोन आठवडे झाले. मासे सारखे वर येऊन तोंड उघडतात, कल्ले लालसर दिसतात. निळं औषध घातलं तरी दोन मासे गेले. कोणता रोग असावा?

उत्तर : रोग शोधण्याआधी पाणी तपासा. नव्या टँकमधल्या मरणाचं कारण बहुतेक वेळा अमोनिया असतं. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाणं यांतून तो तयार होतो. त्याचं नायट्राइट आणि पुढे नायट्रेट करणारे जिवाणू फिल्टरच्या स्पंजमध्ये वसायला चार ते सहा आठवडे घेतात. दोन आठवड्यांच्या टँकमध्ये ते पुरेसे नसतात. निळं औषध म्हणजे मिथिलीन ब्लू असेल, तर होते तेही त्याने मारले. ते वेगळ्या भांड्यात वापरायचं औषध आहे, मुख्य टँकमध्ये ओतायचं नव्हे. टँकच्या सांध्यांतलं सिलिकॉनही त्याने कायमचं निळं होतं.

टेस्ट किटमध्ये अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य यायला हवेत. आकडा वाचताना पीएच सोबत बघा. किट दाखवतं तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग 25 अंशांना पीएच 7 असताना अर्ध्या टक्क्याच्या आसपास असतो, पीएच 8 ला तोच 5 टक्क्यांवर जातो. म्हणून एकाच आकड्यात एकाचे मासे मजेत आणि दुसऱ्याचे तडफडताना दिसतात.

आज करायचं ते असं : खाणं बंद. निम्मं पाणी बदला. नवं पाणी त्याच तापमानाचं आणि अँटी-क्लोरीन घातलेलं हवं. उद्या पुन्हा तपासा, आकडा असेल तर पुन्हा बदला. कल्ले लाल न दिसता तपकिरी दिसत असतील आणि एअर पंप चालू असूनही मासे धापा टाकत असतील, तर नायट्राइट रक्तात गेलं आहे. तिथे दर 10 लिटरला 1 ग्रॅम मीठ घाला, मिठातला क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. ओळखीच्या कुणाच्या निरोगी, जुन्या टँकमधला स्पंजचा तुकडा आपल्या फिल्टरमध्ये ठेवता आला तर हे आठवडे बरेच कमी होतात. स्पंज धुवायचा तो टँकमधून काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतलात तर क्लोरीनने सगळी वसाहत मरते.

(मासे फक्त पहाटे वर येत असतील आणि टँकमध्ये वनस्पती दाट असतील, तर हा वेगळा प्रकार. रात्री वनस्पतीही प्राणवायू घेतात. रात्रीचा एअर पंप एवढाच उपाय.)

प्रश्न : मॉलीच्या तोंडाशी पांढरा कापूस आला आहे. बुरशीचं औषध चार दिवस दिलं, हीटर वाढवला, तर तो पाठीवरही पसरला.

उत्तर : कापसासारखं दिसलं तरी ही बुरशी वाटत नाही. खरी बुरशी जखमेवर येते, तिचे धागे ताठ उभे आणि पाण्यात हलणारे असतात. ओठांवरचा राखाडी-पांढरा चपटा थर, पिवळट कड आणि पाठीवर खोगिरासारखा पट्टा ही कॉलमनारिसची, म्हणजे जिवाणूची लक्षणं. गरम पाण्यात तो जोमाने वाढतो, तेव्हा हीटर वाढवल्याने त्याला मदतच झाली. व्हाइट स्पॉटचा उपाय इथे उलटा पडतो. तापमान हळूहळू 24 पर्यंत उतरवा, मासा वेगळ्या टँकमध्ये हलवा, हवा भरपूर द्या. मॉलीला मीठ सोसतं, लिटरला 3 ग्रॅम चालेल. पण आजार एवढा पसरल्यावर प्रतिजैविकाशिवाय भागणार नाही. ते पशुवैद्यकाला विचारून, पूर्ण मुदतीचं द्या. जाळी आणि पाइप दोन टँकना एकच वापरू नका.

प्रश्न : फायटरचं पोट फुगलंय आणि खवले उभे राहिलेत. एप्सम सॉल्टने (मॅग्नेशियम सल्फेटने) बरा होईल?

उत्तर : खवले सगळीकडून उभे राहिले असतील तर शक्यता कमी आहे. मूत्रपिंडं निकामी होऊन अंगात पाणी साठलंय, त्यामागे बहुधा आतला संसर्ग असतो. वेगळ्या भांड्यात दर 20 लिटरला एक चहाचा चमचा एप्सम सॉल्ट घातल्याने सूज उतरायला मदत होते. साधं मीठ इथे नको. मासा खात असेल तर प्रयत्न जरूर करावा. खाणं सोडून तळाला पडून असेल तर आमच्या मते त्याचे हाल लांबवू नयेत. लवंगाचं तेल कोमट पाण्यात नीट घुसळून त्याच्या पाण्यात लिटरला 0.4 मिलिलिटर या प्रमाणात मिसळलं की मासा आधी बेशुद्ध होतो, मग जातो. कल्ले थांबल्यावरही अर्धा तास तसाच राहू द्या. जिवंत मासा फ्रीजरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं क्रूर आहे. पोट फुगलंय पण खवले सपाट आहेत असं असेल तर हे काहीच करू नका. मादीच्या पोटात अंडी असतील किंवा मासा जास्त खाऊन बसला असेल. दोन दिवस उपाशी ठेवून बघा.

प्रश्न : एकामागून एक मासे वाळत चाललेत, दोघांचा कणा वाकडा झालाय. टँक साफ करताना माझ्या बोटावर जखम होती. काही धोका?

उत्तर : माशांचा क्षयरोग असू शकतो. तो मायकोबॅक्टेरियम मरिनम या जिवाणूनेही होतो, आणि हा जिवाणू माणसाच्या जखमेतून आत शिरतो. माशांवर भरवशाचा उपचार नाही. नवे मासे त्या टँकमध्ये टाकू नका, पाण्यात हात घालताना लांब हातमोजे घाला, सायफन तोंडाने ओढू नका. बोटावर दोन ते चार आठवड्यांत न दुखणारी लालसर गाठ आली आणि भरून येत नसेल तर त्वचारोगतज्ज्ञाकडे जा, आणि घरात फिश टँक आहे हे त्यांनी विचारलं नाही तरी सांगा. ते कळलं नाही तर नेहमीची मलमं आणि नेहमीच्या गोळ्या यांतच महिने जातात.